जुने कागद, पोथ्या आणि पुस्तकं सांभाळायचं काम: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी छत्रपती संभाजीनगरात राहते आणि जुने दस्तऐवज, हस्तलिखितं, ग्रंथालयातली जुनी पुस्तकं यांची दुरुस्ती आणि देखभाल करायचं काम करते. कॉलेजची पोरंपोरी, तालुक्याच्या वाचनालयातले ग्रंथपाल, घरात आजोबांची पेटी उघडून बसलेले लोक, सगळे जवळपास सारखंच विचारायलेत, म्हणून एका जागी लिहून ठेवतेय. काही प्रश्न या कामात येऊ बघणाऱ्यांचे आहेत, काही घरच्या कागदाचे. दोन्ही मुद्दाम एकत्र ठेवलेत कारण जो घरचा कागद नीट हाताळतो त्यालाच पुढं हे काम जमतं.

हे काम म्हणजे बाइंडिंगच ना?

बाइंडिंग यायला पाहिजे, पण काम तेवढ्यावर संपत नाही. कागद आज ज्या अवस्थेत हातात आलाय त्याच्यापेक्षा आणखी बिघडू नये आणि वाचणाऱ्याला तो उलगडता यावा, एवढं करायचं असतं. त्यात धूळ काढणं येतं, टाचण्या काढणं, घड्या मोडणं, फाटलेलं जोडणं, आम्ल कमी करणं, शिवण, डबे बनवणं, खोलीतली दमट हवा मोजणं असं सगळं येतं. मोठ्या संस्थांमधे कुठल्या कागदाला काय उपाय ते कॉन्झर्वेटर ठरवतो आणि टेक्निशियन हाताने करतो. आपल्याकडं बहुतेक ठिकाणी दोन्ही एकच माणूस असतो.

एक नियम मात्र सगळीकडं सारखा, आज आपण जे लावलं ते उद्या दुसऱ्या कुणाला कागदाला धक्का न लावता काढता आलं पाहिजे. म्हणून फेव्हिकॉल नाही, सेलोटेप नाही, पुसट अक्षर पेनानं गिरवणं तर अजिबात नाही. अक्षर गेलं असेल तर ती जागा कोरीच राहू द्यायची.

मराठवाड्यात असं काय जुनं आहे की त्यासाठी माणसं लागतील?

हा प्रश्न आपलीच माणसं विचारतात याचं मला फार वाईट वाटतं, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

आपला भाग १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता. सरकारी कारभार आधी फारसीत चालायचा, १८८० च्या दशकात फारसी जाऊन उर्दू आली, आणि गावपातळीवरचा हिशोब, पाटील कुलकर्ण्यांचे कागद मराठीत, ते पण मोडीत. म्हणजे एकाच गावच्या जमिनीचा इतिहास तीन भाषांत पडलाय आणि तो कुठं कुठं पडलाय तर तहसीलच्या रेकॉर्ड रूममधे, जिल्ह्याला, पुराभिलेख विभागात, कुणाच्या वाड्यातल्या माळ्यावर, आणि बराचसा हैदराबादला तारनाक्याच्या राज्य अभिलेखागारात, जिथं शहाजहान औरंगजेबाच्या काळातले दख्खनचे मुघल कागद पण आहेत.

२०२३ मधे कुणबी नोंदी शोधायची मोहीम निघाली तेव्हा कितीतरी रेकॉर्ड रूममधली गाठोडी पहिल्यांदा सुटली. ज्या कागदाकडं कुणी बघत नव्हतं त्याच्यावर एखाद्या पोराचं प्रमाणपत्र अवलंबून असतं हे तेव्हा घराघरात कळलं. पण गाठोडी सोडणारे हात घाईचे होते, कागद कडक झालेले, घडीवर मोडणारे. अशा वेळी प्रत्येक टेबलाजवळ एक शिकलेला माणूस असता तर काय फरक पडला असता हे मी डोळ्यांनी बघितलंय.

पुढं मठ आणि मंदिरं बघा. महानुभावांच्या पोथ्या मठांमधे सांभाळलेल्या आहेत, काही सकळ लिपीत, म्हणजे ज्यांना ती लिपी येते त्यांच्याशिवाय कुणाला वाचताच येत नाहीत. अंबाजोगाईला दासोपंतांची पासोडी आहे, पंचीकरण हा अख्खा ग्रंथ त्यांनी कापडावर लिहिलाय. आणि दौलताबाद खुलताबादच्या रस्त्यावर कागजीपुरा आहे, तिथं हातकागद बनवायची कला कित्येक शतकांची आहे, लोक ती तुघलकानं १३२७ मधे राजधानी दौलताबादला आणली त्या काळापासून सांगतात. चिंध्यांपासून केलेला तसला कागद आजही हातात घेतला तर वाकतो, तुटत नाही, आणि त्याच कपाटातलं १९६० चं छापील पुस्तक मात्र बोट लावलं की चुरा होतं.

हे उलटं कसं? जुना कागद चांगला आणि नवा खराब?

जुना हातकागद कापसाच्या, तागाच्या चिंध्यांचा, त्याचे धागे लांब. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापासून लाकडाच्या लगद्याचा कागद आला, त्यात लिग्निन हा लाकडातला घटक राहतो, आणि शाई फुटू नये म्हणून तुरटी आणि राळ घालायचे त्यातून आम्ल तयार होतं. कागद आतल्या आत पिवळा, मग तपकिरी, मग कडक. वर्तमानपत्राचा तर सगळ्यात वाईट. आपल्या मे महिन्यातल्या चाळीस बेचाळीस डिग्रीत पत्र्याच्या खोलीत हे सगळं लई जोरात होतं.

शिक्षण किती लागतं? सायन्सच पाहिजे का?

रसायनशास्त्र असलं तर सोपं जातं कारण आम्ल, अल्कली, द्रावक हे शब्द रोजचे आहेत. पण इतिहास, ग्रंथालयशास्त्र, फाइन आर्ट, अगदी बाइंडिंगच्या दुकानात वाढलेली पोरं पण यात चांगली तयार झालेली मी बघितली. हात स्थिर पाहिजे आणि एकाच टेबलावर चार तास बसायची तयारी पाहिजे. घाई करणाऱ्याला मी स्पष्ट सांगते की बाबा, दुसरं काहीतरी बघ.

कोर्स कुठं आहेत? संभाजीनगर, नांदेडला काही आहे का?

पूर्ण कोर्ससाठी बाहेर जावं लागतं हे खरं. दिल्लीला राष्ट्रीय अभिलेखागाराचं स्कूल ऑफ आर्काइव्हल स्टडीज आहे, तिथं एक वर्षाचा डिप्लोमा असतो आणि काही आठवड्यांचे छोटे कोर्स पण असतात, कागद दुरुस्तीचा, पुस्तकं आणि हस्तलिखितांच्या देखभालीचा वगैरे. माझं मत विचाराल तर आधी तो छोटा दुरुस्तीचा कोर्स करा, हाताला काम आवडतंय का ते कळतं, मग मोठ्यात उतरा. लखनौला एनआरएलसी आहे, जुन्या वस्तूंच्या जतनासाठीची १९७६ पासूनची सरकारी प्रयोगशाळा, तिथं प्रशिक्षण होतं. नोएडाच्या इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ हेरिटेजमधे कॉन्झर्वेशनचं एमए आहे. आपल्याला जवळ म्हणजे पुण्याचं भांडारकर, मुंबईचं छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालय आणि हैदराबादचं सालारजंग म्युझियम, तिथं काम कसं चालतं ते बघायला, वर्कशॉप असेल तर बसायला जरूर जा. हैदराबाद तर नांदेडहून एका रात्रीच्या गाडीवर आहे.

जाहिराती वर्षभर नसतात, संस्थांच्या वेबसाइटवर जाऊन तुम्हालाच बघत राहावं लागतं. आणि फी भरण्याआधी एक गोष्ट विचारा, प्रत्यक्ष कागदावर किती काम करायला मिळेल? नुसती लेक्चरं असतील तर नका जाऊ.

मोडी, उर्दू, फारसी आलीच पाहिजे का?

दुरुस्तीला नाही, पण लिपी ओळखता आली पाहिजे. कागद सुलटा कुठला, ओळ कुणीकडनं सुरू होते, उर्दू पुस्तकाचं पहिलं पान कुठल्या बाजूला, हे माहीत नसेल तर पानं उलटी शिवली जातील. मोडी मात्र शिकाच, त्याचे वर्ग आता बऱ्याच ठिकाणी होतात, आणि मोडी येणाऱ्या टेक्निशियनला आपल्या भागात काम आधी मिळतं.

सुरुवातीला काय काम करावं लागतं?

धूळ. खरंच सांगते, सुरुवातीचे महिने मऊ ब्रशनं धूळ काढणं, गंजलेल्या टाचण्या आणि पिना काढणं, पानांवर शिसपेन्सिलीनं नंबर टाकणं हेच चालतं. ब्रश मधल्या शिवणीकडनं बाहेरच्या कडेला न्यायचा, कधीच उलटा नाही, नाहीतर धूळ शिवणीत जाऊन बसते. टाचणी ओढून काढायची नसते, गंजामुळं ती कागदाला चिकटलेली असते, खालून पातळ प्लास्टिकची पट्टी सरकवायची, पिनेचे पाय चपट्या चिमट्यानं सरळ करायचे आणि मग अलगद उचलायची.

नंबर टाकल्याशिवाय गाठोड्यातला एकही कागद जागचा हलवायचा नाही. कागद दुरुस्त झाला पण क्रम गेला, तर संशोधकाच्या दृष्टीनं अर्धा कागद गेलाच.

ताई, पगार किती मिळतो? कायमची नोकरी आहे का?

कायमच्या जागा कमी आहेत, हे आधीच सांगितलेलं बरं. केंद्राचं अभिलेखागार, राज्याचा पुराभिलेख विभाग, विद्यापीठं, म्युझियम इथं जागा असतात, काही कार्यालयांत त्या पदाला मेंडर किंवा बाइंडर म्हणतात, पण जाहिरात निघायला वेळ लागतो. बाकी काम प्रोजेक्टवर चालतं, महिन्यावर किंवा पानाच्या दरावर. पानाच्या दरानं काम घ्यायचं असेल तर आधी नमुन्याची पानं बघितल्याशिवाय होकार देऊ नका, कारण साध्या फाटलेल्या पानाला आणि वाळवीनं जाळी केलेल्या पानाला एकच दर लावला तर तुम्ही उपाशी मराल नाहीतर काम बिघडवाल. पैसे हप्त्यात आणि लेखी ठरवून घ्या. माझं स्वतःचं एका ठिकाणी बिल लई महिने अडकलं होतं, तोंडी बोलण्यावर काम सुरू झालं होतं म्हणून.

सध्या हस्तलिखितांकडं सरकारचं लक्ष आहे एवढं चांगलंय. २००३ मधे राष्ट्रीय हस्तलिखित मिशन सुरू झालं होतं, आणि २०२५ च्या अर्थसंकल्पात ज्ञान भारतम् जाहीर झालं, एक कोटीहून जास्त हस्तलिखितांची पाहणी, जतन, डिजिटायझेशन असं त्याचं उद्दिष्ट आहे. ही कामं जिल्ह्याजिल्ह्यांत उतरली तर ती करायला आपल्याकडची पोरं तयार पाहिजेत, नाहीतर बाहेरची टीम येईल, स्कॅन करून निघून जाईल आणि पोथी परत त्याच ट्रंकेत.

फाटलेलं पान नक्की कसं जोडता?

हे लिहायला मला सगळ्यात जास्त आवडतं.

आधी शाई तपासायची. एखाद्या अक्षराच्या टोकाला पाण्याचा अगदी बारका थेंब, वर टीपकागदाचा तुकडा दाबून बघायचा, रंग उतरला का. शिक्क्यांची जांभळी शाई हमखास फुटते, पोथ्यांची काजळाची शाई डिंकात कालवलेली असते म्हणून ओल लागली की ती पण उठते. काही जुन्या सरकारी कागदांवर लोहाची शाई असते, ती तपकिरी पडते आणि अक्षराच्या रेषेत कागद खाते, तिथं तर ओलावा नकोच. अशा वेळी पाण्याऐवजी अल्कोहोलमधे चालणारा चिकट पदार्थ घेतात.

शाई पक्की असेल तर खळ. मैद्याची नाही, गव्हाच्या स्टार्चची. मैद्यात ग्लुटेन असतं, ते वाळून कडक होतं, पिवळं पडतं आणि किड्यांना आवडतं. एक भाग स्टार्च, साधारण पाच भाग शुद्ध पाणी, अर्धा तास भिजत ठेवायचं, मग मंद आचेवर सारखं हलवत अर्धा तास शिजवायचं, गुठळी होऊ द्यायची नाही, पांढरं दिसणारं मिश्रण हळूहळू काचेसारखं होतं आणि चमच्याला जड लागतं. ज्यांनी उन्हाळ्यात घरी कुरडयांचा चीक हाटलाय त्यांच्या हाताला हा अंदाज आपोआप असतो, आमच्याकडं शिकायला आलेल्या पोरींचं हे पहिल्या दिवशीच जमून जातं. गार झाल्यावर बारीक चाळणीतून दोनतीनदा काढायची, लागेल तशी पाणी घालून पातळ करायची. फ्रीजमधे थोडे दिवस टिकते, वास आला की फेकायची.

जपानी टिश्यू म्हणजे कोझो नावाच्या झाडाच्या सालीचा कागद, इतका पातळ की खालचं अक्षर दिसतं पण धागे लांब आणि दणकट. तो कात्रीनं कापायचा नाही. ओल्या ब्रशनं रेष मारायची आणि दोन बाजूंना ओढायचं, म्हणजे कडेला धाग्यांचे बारीक केस निघतात, तेच केस मूळ कागदाला धरतात आणि जोडाची कडा बोटाला लागत नाही. पट्टी काही मिलिमीटर रुंद, फाटलेल्या जागेपेक्षा जराशी जास्त. फाटलेल्या कडा आधी जुळवून घ्यायच्या, कुठली कडा वर आणि कुठली खाली ते नीट बघून, कारण कागद फाटताना तिरका फाटतो. मग पट्टीला पातळ खळ, चिमट्यानं उचलून मागच्या बाजूनं ठेवायची, वरखाली न चिकटणारं न विणलेलं कापड, मग टीपकागद, मग काच आणि वजन. दहा मिनिटांनी टीपकागद बदलायचा. नंतर पूर्ण वाळेपर्यंत हात लावायचा नाही, उचलून बघायची इच्छा होते, तरी नाही.

पूर्वी शिफॉन आणि प्लास्टिकच्या पापुद्र्यात घातलेले कागद दिसतात, ते काय असतं?

त्या काळची पद्धत. कागदाच्या दोन्ही बाजूंना शिफॉनचं रेशमी कापड खळीनं लावायचे, किंवा सेल्युलोज अ‍ॅसिटेटचा पापुद्रा आणि टिश्यू ठेवून अ‍ॅसिटोननं चिकटवायचे. त्यामुळं कितीतरी कागद आजपर्यंत पोचले, त्या लोकांना नावं ठेवू नयेत. पण तो पापुद्रा पिवळा पडतो, आकसतो, आणि काढायला लई कष्ट पडतात, म्हणून आता शक्यतो करत नाहीत. असे कागद आले तर घाईनं सोलायला जाऊ नका.

शेताची जुनी सनद, खरेदीखत आहे, लॅमिनेशन करून घेऊ का?

नका करू. झेरॉक्सच्या दुकानातलं लॅमिनेशन गरम प्लास्टिक कागदात वितळवतं, ते परत निघत नाही. आतलं आम्ल आतच कोंडतं आणि वर्षांनी कागद प्लास्टिकच्या आत तपकिरी चुरा होतो, आणि शिक्का, वॉटरमार्क कुणाला तपासायचा झाला तर तपासता पण येत नाही. त्याऐवजी पॉलिएस्टरच्या पारदर्शक कव्हरमधे कागद नुसता ठेवायचा, चिकटवायचा नाही. तेही नसेल तर चांगल्या पांढऱ्या कागदाचं मोठं पाकीट करा, घडी न घालता सपाट ठेवा, आणि रोजच्या वापरासाठी फोटो किंवा झेरॉक्स वापरा.

सेलोटेप आधीच लावलेली आहे, काढू का?

घरी काढू नका. ताजी असली तरी वरचा पापुद्रा उचलताना अक्षर घेऊन येते, जुनी असेल तर डिंक कागदात उतरलेला असतो आणि तो तेलकट पिवळा डाग द्रावकाशिवाय जात नाही, कधी कधी द्रावकानं पण जात नाही.

कसर आणि वाळवीसाठी डांबर गोळ्या ठेवू की कडुलिंबाचा पाला?

कडुलिंबाची पानं, वेखंड, लवंग हे आपल्या घरातले जुने उपाय आहेत, थोडाफार किडा दूर राहतो, पण पानं थेट पुस्तकात घालू नका, डाग पडतात, ती पुरचुंडीत बांधून कपाटात ठेवा आणि बदलत जा, वाळलेल्या पाल्यात पण किडे होतात. डांबर गोळ्यांचा वास माणसाला चांगला नाही आणि लागलेली कीड त्यानं मरत नाही. थायमॉलची धुरी पूर्वी सगळीकडं द्यायचे, आता तब्येतीच्या कारणानं टाळतात.

मला सगळ्यात जास्त विश्वास थंडीचा आहे. पुस्तक प्लास्टिकच्या पिशवीत हवा काढून घट्ट बंद करायचं आणि उणे अठरा वीस डिग्रीच्या डीप फ्रीजरमधे दोन आठवडे. बाहेर काढल्यावर पिशवी लगेच उघडायची नाही, पूर्ण एक दिवस तशीच ठेवायची, नाहीतर बाहेरचं पाणी पुस्तकावर धरतं. कातडी बाइंडिंग, चित्रं, ताडपत्र असलं तर आधी जाणकाराला विचारा. वाळवीचा प्रश्न मात्र पुस्तकाचा नसून इमारतीचा आहे. कपाट भिंतीपासून चार बोटं लांब आणि जमिनीपासून वर ठेवा, भिंतीवर मातीची बारीक नळी दिसली की त्याच दिवशी पेस्ट कंट्रोलवाल्याला बोलवा.

पोथ्यांना ऊन दाखवायची पद्धत बरोबर आहे का?

थेट ऊन नको, शाई उडते, कागद कडक होतो. पण पावसाळा सरल्यावर पोथ्या बाहेर काढून, सोडून, हवेशीर सावलीत ठेवायच्या आणि प्रत्येक पान बघायचं ही जुन्या लोकांची रीत फार चांगली आहे. वर्षातून एकदा कुणीतरी बघतं, यानंच निम्म्या पोथ्या वाचल्यात. लाल कापडाचं बासन पण ठेवा, फक्त कापड सुती, धुतलेलं आणि रंग न जाणारं पाहिजे.

पुराच्या पाण्यात पुस्तकं, दप्तरं भिजली तर काय करायचं?

२०२५ च्या सप्टेंबरमधे धाराशिव, बीड, लातूर, नांदेडकडं जे पाणी आलं त्यानंतर हा प्रश्न फार आला. पहिले अठ्ठेचाळीस तास महत्त्वाचे, त्यानंतर बुरशी धरते. मिटलेलं भिजलं पुस्तक जोर लावून उघडू नका. चिखल असेल तर पुस्तक मिटलेलं धरून स्वच्छ पाण्यात हलकं बुडवून काढा, घासू नका, आणि शाईनं हाताने लिहिलेलं असेल तर हे पण करू नका. थोडी पुस्तकं असतील तर उभी करून पानं जराशी फाकवून पंख्याच्या वाऱ्यात ठेवा, मधे मधे साधा पांढरा टीपकागद घाला आणि तो सारखा बदला. वर्तमानपत्र घालू नका, त्याची शाई लागते. गुळगुळीत आर्ट पेपरची पुस्तकं वाळली की पानांची वीट होते, ती सगळ्यात आधी घ्या. आणि जास्त असतील, हातानं होणार नाही एवढी, तर पिशव्यांत भरून गावातल्या आइस्क्रीमवाल्याच्या, मासेवाल्याच्या डीप फ्रीजरमधे ठेवायची सोय करा, गोठलेलं पुस्तक जसंच्या तसं थांबतं आणि मग महिन्याभरानं थोडं थोडं काढून वाळवता येतं. हेअर ड्रायर, इस्त्री, ऊन, हे तिन्ही नको.

इटलीत फ्लॉरेन्सला ४ नोव्हेंबर १९६६ ला आर्नो नदीचा पूर आला आणि तिथल्या राष्ट्रीय ग्रंथालयात चिखल घुसला, देशोदेशीची माणसं ती पुस्तकं काढायला गेली, आज आपण जे शिकतो त्यातलं बरंचसं त्या चिखलातून आलंय.

हातमोजे घालायचे ना? टीव्हीत पांढरे मोजे दाखवतात.

कागदासाठी स्वच्छ धुतलेले कोरडे हातच चांगले. सुती मोज्यात बोटाला पानाची कडा कळत नाही आणि पान फाटतं. फोटो, निगेटिव्ह, धातूच्या वस्तू यांना मोजे लागतात. बुरशी किंवा विषारी रंग असेल तर नायट्राइलचे.

तब्येतीला धोका आहे का?

आहे, आणि तो कुणी शिकवत नाही. बुरशी लागलेल्या गाठोड्याला एन ९५ मास्क लावल्याशिवाय हात घालू नका, दमा असेल तर ते काम सरळ दुसऱ्याला द्या. पोथ्यांमधे चुकलेलं अक्षर झाकायला पिवळा हरताळ लावलेला असतो, त्यात आर्सेनिक हे विष असतं, त्यावर ब्रश घासून धूळ उडवायची नाही आणि पान उलटताना बोटाला थुंकी तर कधीच नाही. जुन्या कपाटात पूर्वी कुणी डीडीटी मारलेली असते, तिची पांढरी पूड दिसते. अ‍ॅसिटोन, अल्कोहोल खिडकी उघडी ठेवून. आणि मान, पाठ! दर तासाला उठा.

आमच्या वाचनालयाला एसी नाही, निधी नाही. मग काय?

१९६७ च्या ग्रंथालय कायद्याखाली अनुदान मिळणारी अ, ब, क, ड वर्गातली वाचनालयं सगळीकडं आहेत, आणि ड वर्गाच्या वाचनालयात एसीचं बोलण्यात अर्थ नाही. उलट दिवसा एसी आणि रात्री बंद, हे कागदाला जास्त वाईट, हवा सारखी वरखाली होते. एक साधा हायग्रोमीटर घ्या, आर्द्रता पासष्ट टक्क्यांच्या वर जायला लागली की पंखा, खेळती हवा, दाटीवाटीनं भरलेली पुस्तकं जरा सैल करणं. खिडकीला जाड पडदा. छत गळतं त्याच्या खाली कपाट नको. जी पुस्तकं मोडायला लागलीत त्यांना आम्लमुक्त पुठ्ठ्याचा डबा करा, माप घेऊन घडी घालायची, गोंद लागत नाही. महाग दुरुस्ती एका पुस्तकाची करण्यापेक्षा तेवढ्या पैशात पूर्ण कपाटाचे डबे होतात, आणि मला विचाराल तर डबेच करा.

निजामाच्या राज्यात मराठी वाचनालय काढणं हे सोपं काम नव्हतं, त्या काळात जमवलेली पुस्तकं तुमच्याकडं असतील तर ती निर्लेखनाच्या, म्हणजे काढून टाकायच्या यादीत टाकण्याआधी एकदा कुणाला तरी दाखवा. ती प्रत दुसरीकडं कुठंच नसेल असं खूपदा होतं.

स्कॅन झाल्यावर मूळ कागद ठेवायचा कशाला?

कारण स्कॅनमधे कागदाची जात दिसत नाही, मागून उमटलेला शिक्का दिसत नाही, खाडाखोड खरी की नंतरची ते कळत नाही. कोर्टात मूळच मागतात. शिवाय हार्ड डिस्क किती वर्षं चालते ते सगळ्यांना माहितंय. सरकारी कागद असेल तर तो परस्पर नष्ट करणं गुन्हा पण आहे, राज्याचा सार्वजनिक अभिलेख कायदा २००५ चा आहे. आणि स्कॅन करताना जाड पुस्तक सपाट स्कॅनरवर उलटं दाबू नका, शिवण तुटते. वरून फोटो काढणारा स्कॅनर आणि खाली इंग्रजी व्हीसारखा स्टँड वापरा, पुस्तक अर्धवटच उघडा.

मठातले, वाड्यातले लोक पोथी हातात देत नाहीत. काय करावं?

त्यांनी का द्यावी? आधी कितीतरी जणांनी अभ्यासाला म्हणून नेऊन परत आणून दिलेल्या नाहीत. म्हणून पोथी मागू नका. तिथं जाऊन बसा, पायरीवर चपला काढा, हात धुवा, महंतांना, घरच्या मोठ्यांना विचारून त्यांच्या समोर धूळ काढा, फोटो त्यांच्या परवानगीनंच. कपाटाची जागा बदलून द्या, बासन नवीन शिवून द्या. देवघरातली पोथी असेल तर तिच्यावर हळद कुंकू पडणारच, पूजा करू नका असं सांगायला जाऊ नका, आत पानाला लागू नये म्हणून वरून एक वेगळं कापड सुचवा, ते लोक आनंदानं ऐकतात. ७५ वर्षांहून जुनं हाताने लिहिलेलं आणि महत्त्वाचं असेल तर राष्ट्रीय मिशनच्या व्याख्येत ते हस्तलिखित धरतात, त्याची नोंद होऊ शकते आणि नोंद झाली म्हणून पोथी कुणी घेऊन जात नाही, मालकी त्यांचीच राहते, हे शांतपणे समजावून सांगा.

सुरुवातीला कुठली हत्यारं घेऊ?

दोन मऊ ब्रश, एक चपटा चिमटा, सर्जिकल ब्लेड, घडी दाबायचा हाडाचा किंवा टेफ्लॉनचा फोल्डर, स्टीलची पट्टी, टीपकागद, थोडा जपानी टिश्यू, गव्हाचा स्टार्च, पीएच, म्हणजे कागदातलं आम्ल, तपासायच्या पट्ट्या, काचेचे दोन तुकडे कडा घासलेले. प्रेस नंतर, बाइंडरकडं जुना मिळतो. सरावाला रद्दीतली जुनी पुस्तकं आणा, मुद्दाम फाडा, जोडा, महिन्यानं परत काढून बघा की जोड पाण्यानं सुटतोय का. तो सुटला पाहिजे.

माझं वय चाळीस आहे, बाइंडिंगचं दुकान आहे. मला जमेल?

तुमच्यासारख्यांनाच तर शोधतोय. शिवण, पुठ्ठा, प्रेस तुम्हाला येतंच. फक्त कटिंग मशिनवर कडा छाटायची सवय सोडावी लागेल, कारण जुन्या वहीच्या कडेला, समासात लोकांनी लिहून ठेवलेलं असतं. जवळच्या वाचनालयात जाऊन ग्रंथपालांना भेटा, मोडायला आलेली पाच पुस्तकं मागा आणि तिथंच बसून सुरू करा.